पुलमनचा झेंडा आणि सातशे कोटी डॉलर

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, पार पूर्वेच्या टोकाला पुलमन नावाचं गाव आहे. चहूकडे नजर जाईल तिथवर गव्हाच्या टेकड्या. राज्यातलं मोठं शहर सिएटल, ते इथून साडेचारशे किलोमीटरहून लांब. २०२० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या भरली ३२,९०१. गावात वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठ आहे आणि त्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानात बसायला जागा आहेत ३२,९५२. तान्ह्या बाळापासून काठी टेकणाऱ्या आजोबांपर्यंत अख्खं गाव मैदानात येऊन बसलं, तरी ५१ खुर्च्या रिकाम्या राहतील. आपलं वानखेडे साधारण एवढंच आहे. मुंबईसारख्या महानगराला जेवढं वानखेडे, तेवढं मैदान या एका गावाला.

या गावाचा एक झेंडा आहे. किरमिजी रंगाचा, त्यावर कूगर या रानमांजराचं तोंड. ईएसपीएन वाहिनीचा महाविद्यालयीन फुटबॉलवरचा कार्यक्रम हंगामात दर शनिवारी सकाळी वेगवेगळ्या विद्यापीठाच्या आवारातून दाखवतात. ऑक्टोबर २००३ पासून त्या प्रत्येक कार्यक्रमात, निवेदकांच्या मागच्या गर्दीत, हा झेंडा फडकत आला आहे. सामना कुठल्याही दोन संघांचा असो, गाव कुठलंही असो. त्या भागात राहणारा विद्यापीठाचा कुणीतरी माजी विद्यार्थी कुरिअरनं आलेला झेंडा सोडवून घेतो, पहाटे उठून गर्दीत जागा धरतो, काठी उंच धरून तासन्‌तास उभा राहतो आणि मग घडी घालून पुढच्या गावाला पाठवून देतो. तीनशेहून जास्त शनिवार हा क्रम चुकलेला नाही.

इतकी माया असलेल्या विद्यापीठाला ४ ऑगस्ट २०२३ या एका दिवसात त्याच्या जुन्या सोबत्यांनी मागे टाकलं. का टाकलं, हे समजायचं तर आकड्यांत शिरावं लागतं. आणि हे आकडे डोकं गरगरवणारे आहेत.

खेळ किती मोठा आहे?

अमेरिकेतले महाविद्यालयीन खेळ म्हटल्यावर आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा डोळ्यांपुढे आणून चालत नाही. एनसीएए ही तिथली शिखर संस्था. तिच्या छत्राखाली सुमारे १,१०० महाविद्यालयं आणि विद्यापीठं आहेत, आणि पाच लाखांहून जास्त खेळाडू. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानाची क्षमता आहे १,०७,६०१. तीन वानखेडे भरून माणसं त्यात बसवली, तरी वर आठेक हजार जागा उरतात. आणि तिथे खेळतात ती अठरा ते बावीस-तेवीस वर्षांची मुलं.

ही विद्यापीठं गट करून खेळतात. त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. आपसात सामने लावायचे, गटाचा विजेता ठरवायचा आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे टीव्हीवर सामने दाखवायचे हक्क एकत्र विकून पैसे वाटून घ्यायचे. पूर्वी गट ठरत भूगोलावर. शेजारचं विद्यापीठ, बसनं जाऊन संध्याकाळी परतता येईल असं अंतर, वर्षानुवर्षांची खुन्नस. वॉशिंग्टन स्टेट आणि सिएटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ एकमेकांशी १९०० सालापासून खेळत आले आहेत. राज्य सफरचंदांचं, म्हणून या सामन्याचं नावही ॲपल कप.

टीव्हीचे हक्क मात्र गटांकडे पहिल्यापासून नव्हते. कुणाचे किती सामने दाखवायचे, हे एनसीएए ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या दोन विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध २ मतांनी एनसीएएची ही मक्तेदारी मोडली. निकालाच्या विरोधात मत नोंदवणाऱ्या दोघांपैकी एक होते न्यायमूर्ती बायरन व्हाइट. ते स्वतः विद्यार्थिदशेत गाजलेले फुटबॉलपटू. महाविद्यालयातला खेळ शिक्षणाचा भाग राहावा यासाठी ही बंधनं आहेत, हे त्यांचं म्हणणं. निकाल कायद्याला धरून होता, पण मैदान ओळखणाऱ्या त्या माणसाला पुढचं दिसलं होतं असं मला मनापासून वाटतं. त्या निकालानंतर बाजार खुला झाला, आणि ज्याच्या सामन्याला प्रेक्षक जास्त त्याला बोली जास्त, हा एकच नियम उरला.

आयपीएलच्या तोडीचा करार

बिग टेन हा अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातला जुना, श्रीमंत गट. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यानं फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या तीन वाहिन्यांशी सात वर्षांचा करार केला. रक्कम ७०० कोटी डॉलरहून जास्त. डॉलरला ८५ रुपये धरले, तर हे होतात ५९,५०० कोटी रुपये.

आपल्या ओळखीच्या आकड्याशी ताडून पाहू. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. वर्षाला साधारण ९,७०० कोटी. बिग टेनचे वर्षाला साधारण ८,५०० कोटी. दीडशे कोटींच्या देशाचं क्रिकेटवेड एका पारड्यात, आणि दुसऱ्या पारड्यात विद्यापीठांचा एक गट. तरी काटा जेमतेम एका बाजूला झुकतो. असे बडे गट तिथे आणखीही आहेत.

केबल टीव्हीची वर्गणी भरणारी घरं वर्षागणिक कमी होत चालली आहेत. मालिका आणि सिनेमे लोक सवडीनं बघतात, जाहिराती टाळून बघतात. सामना मात्र चालू असतानाच बघायचा असतो. म्हणून जाहिरातदारासाठी आणि वाहिनीसाठी थेट सामन्याचा एकेक तास सोन्याचा झाला. तोही मुख्यतः अमेरिकन फुटबॉलचा. पोहणं, कुस्ती, व्हॉलीबॉल, नौकानयन असे वीस-वीस, तीस-तीस खेळ विद्यापीठं चालवतात, ते बहुतेक या एका खेळाच्या कमाईवर.

एकशेआठ वर्षांचं घर

पॅसिफिक किनाऱ्यावरच्या पॅक-१२ गटाची मुळं १९१५ पर्यंत जातात. त्या वर्षीच्या डिसेंबरात पोर्टलंडच्या एका हॉटेलात चार विद्यापीठांनी ही संगत धरली: कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन आणि आज ओरेगन स्टेट म्हणून ओळखलं जाणारं तेव्हाचं कृषी महाविद्यालय. पुलमनकर १९१७ मध्ये आले. पुढे स्टॅनफर्ड आलं, यूएससी आलं, यूसीएलए आलं. गटानं राष्ट्रीय पातळीवरची ५०० हून जास्त सांघिक विजेतेपदं जिंकली. एवढी दुसऱ्या कुठल्याच गटाकडे नाहीत.

पण टीव्हीच्या पैशात हा गट मागे पडत गेला. २०२२-२३ या आर्थिक वर्षात पॅक-१२ नं सभासदांना दरडोई ३.३६ कोटी डॉलर दिले. बिग टेननं आपल्या बहुतेक सभासदांना सहा कोटींच्या वर दिले. फरक सुमारे २.७ कोटी डॉलरचा, म्हणजे २३० कोटी रुपयांचा. रोजचा हिशेब मांडला तर शेजारच्या गटातलं विद्यापीठ दर दिवशी ६३ लाख रुपये जास्त नेत होतं. रविवारीही आणि सुट्टीतही.

३० जून २०२२ ला लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या दोन्ही विद्यापीठांनी बिग टेनची वाट धरली. गटाची सर्वांत मोठी टीव्ही-बाजारपेठ गेली, आणि उरलेल्या दहांच्या हक्कांचा भाव पडला. जुलै २०२३ मध्ये कोलोरॅडो गेलं. मग ॲपल कंपनीचा देकार आला. बातम्यांनुसार तो प्रत्येकी सुमारे अडीच कोटी डॉलरचा होता, आणि वर्गणीदार जितके जमतील तितका वाढणारा. ४ ऑगस्टला सकाळी कुलगुरूंनी त्यावर सह्या करायच्या होत्या. त्याच दिवशी ओरेगन आणि वॉशिंग्टननी बिग टेनला होकार कळवला. दिवस मावळेपर्यंत ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ या तिसऱ्या गटात गेले. सकाळी नऊ जण होते, संध्याकाळी चार. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्नियाही गेले. मागे राहिले दोघंच: ओरेगन स्टेट आणि पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट.

ओरेगन आणि वॉशिंग्टनला बिग टेननं पूर्ण वाटा दिला नाही. सुरुवातीला वर्षाला साधारण तीन कोटी डॉलर, म्हणजे जुन्या सभासदाच्या निम्म्यानं. ॲपलचा देकार आणि हे तीन कोटी यांतलं अंतर सुमारे पन्नास लाख डॉलरचं. त्यातही एक रक्कम बांधलेली आणि दुसरी बेभरवशाची, हे खरं. तरी वर्षाला चाळीसेक कोटी रुपये आणि थोडीशी निश्चिती, एवढ्या किमतीत शतकभराचं घर मोडलं.

अंतराचा हिशेब

आता बिग टेनमध्ये अठरा विद्यापीठं आहेत. लॉस एंजेलिसचं यूसीएलए आणि न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेचं रटगर्स एकाच गटात. मधलं अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. श्रीनगर ते कन्याकुमारी सरळ रेषेत २,९०० किलोमीटर भरतं. ३,९०० म्हणजे मुंबई ते सिंगापूर. तेही एकाच देशातल्या, एकाच गटातल्या सामन्यासाठी. अटलांटिक किनाऱ्याचं नाव मिरवणाऱ्या एसीसी गटात आता स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया आहेत, आणि तिथून त्याच गटातलं बॉस्टन ४,३०० किलोमीटरहून लांब.

पिस्कॅटवेला लागूनच एडिसन आहे. न्यू जर्सीतल्या मराठी घरांना हा परिसर अंगणासारखा. एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता तिथे व्हॉलीबॉलचा सामना असेल, तर लॉस एंजेलिसहून आलेल्या मुलीच्या शरीराचं घड्याळ तेव्हा दुपारचे चार दाखवत असतं. गुरुवारचे तास बुडवून ती विमानात बसलेली असते, मांडीवर रसायनशास्त्राचं पुस्तक. शनिवारी-रविवारी त्याच दौऱ्यातला दुसरा सामना. मग परतीचे पाच-सहा तास, मध्यरात्रीनंतर वसतिगृह, आणि सोमवारी सकाळी प्रयोगशाळा. ज्या करारासाठी तिची ही वणवण चालते, तो फुटबॉलचा. फुटबॉलचा संघ हंगामात मोजक्या वेळा, तोही शनिवारच्या सामन्यापुरता, लांब जातो. हिचे सामने आठवड्याला दोन. करार कागदावर एकच असला, तरी त्याचं ओझं ती जास्त वाहते.

मग पैसा जातो कुठे?

एवढा पैसा येत असेल, तर विद्यापीठं गब्बर झाली असतील असं कुणालाही वाटेल. माझाही समज तोच होता. एनसीएएनंच दिलेला २०१९ चा आकडा वाचला आणि तो पार पुसला गेला. १,१०० संस्थांपैकी खेळांतून खर्चापेक्षा जास्त कमाई झाली फक्त २५ ठिकाणी. बाकी सगळीकडे तूट, आणि ती भरून निघते विद्यापीठाच्या मूळ तिजोरीतून किंवा विद्यार्थ्यांच्या फीमधून.

बड्यांचं वेगळं नाही. ओहायो स्टेटच्या क्रीडा विभागानं २०२३-२४ मध्ये सुमारे २५.५ कोटी डॉलर मिळवले आणि २९ कोटींहून जास्त खर्च केले. यूसीएलएच्या क्रीडा विभागाची सहा वर्षांतली तूट मिळून सुमारे २२ कोटी डॉलरवर गेली. म्हणजे यूसीएलए जुना गट सोडून निघालं ते हावेपेक्षा जास्त कर्जाच्या धाकानं. ही सगळी पळापळ मला श्रीमंतीची गोष्ट वाटत नाही. ती तुटीची गोष्ट आहे.

खर्चाचा एक नमुना बघा. टेक्सास ए अँड एम विद्यापीठानं नोव्हेंबर २०२३ मध्ये फुटबॉल प्रशिक्षक जिंबो फिशर यांना काढलं. करारात २०३१ पर्यंतचे पैसे बांधलेले होते, त्यामुळे त्यांना काम न करण्याबद्दल सुमारे ७.६ कोटी डॉलर देणं आलं. जवळपास ६५० कोटी रुपये. त्यातला वार्षिक हप्ता ७२ लाख डॉलरचा, म्हणजे रोजचे साधारण पावणेसतरा लाख रुपये.

दुसरा नमुना बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा. त्याचं १९२३ चं मैदान हेवर्ड नावाच्या भूकंपप्रवण भेगेवर उभं आहे. भेग मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते. २०१२ मध्ये डागडुजी पुरी झाली, तेव्हा एका मैदानावर ३२ कोटी डॉलर लागले होते. जमीन हलली तर बैठकांचे काही भाग वेगळे सरकावेत, म्हणून ते सुट्या ठोकळ्यांसारखे बांधले आहेत. जमिनीच्या भेगेचा बंदोबस्त झाला, पण कर्जाचा झाला नाही. २०१८ मध्ये त्यातला मोठा हिस्सा विद्यापीठाच्या मूळ तिजोरीनं अंगावर घेतला. बर्कली आणि यूसीएलए ही एकाच राज्य विद्यापीठाची दोन आवारं, एका आईच्या दोन लेकी. यूसीएलएनं घर सोडल्यामुळे बर्कलीचं नुकसान झालं, म्हणून यूसीएलएनं तिला वर्षाला एक कोटी डॉलर द्यावेत, असं नियामक मंडळानं ठरवलं. स्वतः तुटीत असलेली एक बहीण दुसरीची तूट भरते आहे.

आणि डॅलसच्या एसएमयूनं तर एसीसीत शिरण्यासाठी नऊ वर्षं टीव्हीच्या वाट्यावर पाणी सोडलं. देणगीदारांनी आठवड्याभरात दहा कोटी डॉलर गोळा करून दिले.

ही विद्यापीठं नफा वाटणाऱ्या कंपन्या नाहीत. म्हणून आलेला प्रत्येक डॉलर पुढच्या वर्षीचा संघ जिंकावा यासाठी खर्ची पडतो: प्रशिक्षक, व्यायामशाळा, मैदान. शेजाऱ्यानं वाढवलं की आपणही वाढवायचं. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. इथे अंथरूण वाढलं की त्याच रात्री पायही वाढतात. सहा कोटी येवोत की दहा, तूट तेवढीच राहते, आणि पुन्हा नव्या गटाकडे डोळे लागतात.

काळा पोशाख आणि सात हजार रुपये

या तुटीची कुऱ्हाड कुणावर पडते? स्टॅनफर्डकडे २०२० मध्ये सुमारे २,८०० कोटी डॉलरचा कायम निधी होता. तरीही त्या जुलैत विद्यापीठानं क्रीडा विभागाच्या तुटीचं कारण देऊन ३६ पैकी ११ खेळ बंद करायचं जाहीर केलं. त्यात कुस्ती होती. मार्च २०२१ मध्ये सेंट लुइसला राष्ट्रीय स्पर्धा भरली, तेव्हा स्टॅनफर्डचा मल्ल शेन ग्रिफिथ साध्या काळ्या पोशाखात आखाड्यात उतरला. छातीवर ना विद्यापीठाचं नाव, ना चिन्ह. १६५ पौंडी गटात, म्हणजे पंचाहत्तर किलोच्या आसपास, तो देशात पहिला आला. मे महिन्यात विद्यापीठानं निर्णय मागे घेतला. पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्टॅनफर्डशी नातं असलेल्या खेळाडूंनी ३९ पदकं मिळवली. भारताची सहा होती. कुस्ती, पोहणं, भालाफेक यांच्यावर कात्री चालते तेव्हा काय कापलं जातं, ते या आकड्यात दिसतं.

काळ्या पोशाखातल्या त्या मल्लाबद्दल वाचताना मला कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणून दिलं. एका कॉलेजच्या तिजोरीत काहीच नव्हतं, तरी मल्ल गेला. दुसऱ्याच्या तिजोरीत २,८०० कोटी डॉलर होते, आणि मल्लाला आपल्या संघासाठी झगडावं लागलं. तिजोरीचा आकार आणि खेळाची जपणूक यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही.

एक गोष्ट मात्र न्याय्य झाली. दशकानुदशकं ज्या मुलांच्या घामावर हे सगळं उभं राहिलं, त्यांना शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळत नव्हतं. जून २०२५ मध्ये न्यायमूर्ती क्लॉडिया विल्कन यांनी एक तडजोड मंजूर केली. जुन्या खेळाडूंना भरपाई म्हणून दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर मिळणार, आणि २०२५-२६ पासून प्रत्येक विद्यापीठ खेळाडूंना वर्षाला २.०५ कोटी डॉलरपर्यंत थेट देऊ शकणार. मुलांना त्यांचं हक्काचं मिळालं, याचा आनंदच आहे. पण हे दोन कोटी प्रशिक्षकांच्या करारांतून निघतील की लहान खेळांच्या ताटातून, हे विद्यापीठांच्या हातात आहे, आणि आजवरचा अनुभव लहानांच्या बाजूचा नाही.

याच जूनमध्ये पुलमनला वॉशिंग्टन स्टेटनं आपल्या ॲथलेटिक्स संघातल्या उड्या आणि फेकीचे प्रकार बंद केले, छोट्या शर्यतीही आटवल्या. मुख्यतः लांब पल्ल्याचे धावपटू उरले. ज्या गटात हे विद्यापीठ एका शतकाहून अधिक काळ राहिलं, तो गट त्यानं आणि ओरेगन स्टेटनं बॉइझी स्टेट, गोंझागा अशा नव्या सोबत्यांना घेऊन २०२६ च्या हंगामापासून पुन्हा उभा करायचं ठरवलं. सप्टेंबर २०२४ मध्ये सिएटलला ॲपल कप झाला. सोडून गेलेले आणि मागे राहिलेले फुटीनंतर पहिल्यांदाच वेगवेगळ्या गटांतून समोरासमोर आले. पुलमनचा संघ २४-१९ असा जिंकला.

आणि झेंडा अजून फिरतो आहे. त्याच्या कुरिअरचा खर्च माजी विद्यार्थी आणि चाहते वर्गणी काढून भरतात. सातशे कोटी डॉलरचा करार ज्या ओढीवर उभा आहे, ती हीच ओढ. प्रेक्षक खेळ बघतो तो आपल्या गावासाठी, आपल्या शेजाऱ्याला हरवण्यासाठी, बापानं जिथे बोट धरून नेलं त्या मैदानासाठी. गटांनी तीच ओढ विकायला काढली, आणि विकता विकता शेजार मोडला. पुढच्या शनिवारी अमेरिकेतल्या कुठल्यातरी गावात पहाटेच्या अंधारात एक माणूस खोकं उघडेल, किरमिजी कापडाची घडी मोडेल आणि गर्दीत जाऊन उभा राहील.